प सा ग ध : आष्टीतून पहिलं उकुलेले घेताना

आष्टी म्हटलं की समोरचा आधी विचारतो, कुठली? बीड जिल्ह्यात तालुक्याची आष्टी आहे. वर्धा जिल्ह्यात १९४२ च्या हुतात्म्यांची आष्टी आहे. सोलापूर जिल्ह्यात १८१८ साली बापू गोखले जिथे लढता लढता पडले ती आष्टी आहे, आणि गडचिरोलीतही एक आहेच. आमची जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. परतूरहून माजलगावकडे निघालं की लागते ती. हा भूगोल सांगायचं कारण साधं आहे. उकुलेले हवं असेल तर आष्टीकराला ते बहुधा घरपोच मागवावं लागतं, आणि पत्त्यात तालुका, जिल्हा नि पिनकोड नीट नसेल तर लाकडाची ती नाजूक पेटी भलत्याच आष्टीची उन्हं खाऊन येते.

आणि मागवणारे आता आहेत. मोबाइलवर कुणीतरी चार तारांचं छोटं वाद्य छातीशी धरून गाताना दिसतं, गिटारीपेक्षा सोपं वाटतं, किंमतही आवाक्यातली दिसते. घरात आठवी-नववीतली मुलगी असेल तर दिवाळीच्या आधी विषय निघतोच. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, हातात थोडे पैसे असतात. बापाला पेटी माहीत, पखवाज माहीत, गोंधळ्याचं तुणतुणं माहीत. हे नवं प्रकरण काय, कुठलं घ्यायचं, कितीला घ्यायचं, हे विचारायचं कुणाला? दुकानदार असता तर त्याने दोन वाजवून दाखवली असती. इथे समोर असतात फक्त फोटो, चांदण्या आणि ‘बेस्ट फॉर बिगिनर्स’ असं प्रत्येकाच्याच खाली लिहिलेलं.

या वाद्याचं मूळ मात्र आपल्या लोकांना चटकन कळेल असं आहे, कारण ते उसाच्या कामातून आलंय. १८७५ साली हवाई बेटांचं तेव्हाचं राज्य आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली. उसाचे मळे वाढले, मजूर कमी पडले. तिकडे अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावर द्राक्षबागा रोगाने बसल्या होत्या, लोक कामाच्या शोधात होते. मग जहाजं भरभरून मजूर हवाईला निघाले. ‘रेवन्सक्रॅग’ नावाचं असंच एक जहाज चार महिन्यांचा प्रवास करून २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूला लागलं. चारशेहून अधिक माणसं, आणि त्यांच्यासोबत ‘मशेत’ नावाचं चार तारांचं लहानसं वाद्य. दोनच आठवड्यांत तिथल्या वर्तमानपत्राने लिहिलं की ही मदेराची मंडळी रोज रात्री रस्त्यावर गाणंबजावणं करतात. त्याच जहाजात मॅन्युएल नुनीश, ऑगुस्तो दियाश आणि जोझे दो एश्पिरितो सान्तो असे तीन सुतार होते. मळ्यातलं काम संपल्यावर त्यांनी होनोलुलूत सुतारकामाची दुकानं थाटली आणि तिथल्याच कोआ नावाच्या लाकडातून ही वाद्यं घडवायला सुरुवात केली. ते उकुलेले. राजा कालाकौआ याला ते इतकं आवडलं की राजवाड्यातल्या मेजवान्यांतही ते वाजू लागलं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातूनही मुकादमाची उचल घेऊन माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. बीडची संख्या मोठी म्हणून नाव बीडचं होतं, पण जालना जिल्ह्यातूनही कोयते जातात. त्यांच्या कोपीवर रात्री काय वाजतं, याची दखल कुठलं वर्तमानपत्र घेतं? मला या वाद्याबद्दल आपुलकी वाटते ती फोनमधल्या रीळांमुळे नव्हे, या जहाजामुळे.

पुढचं थोडक्यात. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईचं संगीत गाजलं आणि अमेरिकाभर उकुलेलेचं वेड पसरलं. मग ते ओसरलं, पुन्हा आलं, पुन्हा ओसरलं. आताची लाट आली ती इझरायल कामाकाविवोओले या हवाईयन गायकाच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणामुळे आणि पुढे २००६ मध्ये जेक शिमाबुकुरोच्या एका व्हिडिओमुळे. हवाईची दुसरी देणगी, आडवी धरून वाजवायची स्टील गिटार, ती तर आपल्याकडे केव्हाच रुजली. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा त्याच घराण्यातली, आणि तिने १९९४ साली ग्रॅमी पुरस्कारही आणला.

परक्या वाद्याला नाक मुरडणाऱ्यांनी जरा आपल्याच मंडपात डोकावून बघावं. हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँने घेतलं. आज तिच्याशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. वरातीत वाजणारा बँजो हा मुळात बुलबुलतरंग, आणि त्याचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जपानच्या नागोया शहरातला. आपण त्याला लाउडस्पीकर जोडला आणि तो आपला झाला. तेव्हा उकुलेले आपलं की परकं, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ते सुरात लागतं की नाही, एवढंच बघायचं.

सुरात लागणं म्हणजे काय, ते या वाद्याच्या बाबतीत मराठी घराला फार सोपं करून सांगता येतं. इंग्रजी शिकवण्यांत चार तारांची नावं जी, सी, ई, ए अशी देतात आणि पोरं ती घोकतात. पेटीवरची पांढरी एक हा षड्ज धरा. मग उकुलेले छातीशी धरल्यावर वरून खाली चार तारा होतात : प, सा, ग, ध. चारही एकाच सप्तकातल्या. सगळ्यात वरची पंचमाची तार तिच्या खालच्या षड्जाच्या तारेपेक्षा उंच सुराची असते, आणि नवख्याची फसगत नेमकी इथेच होते. सतार-गिटार बघितलेल्याला वाटतं की एका कडेची तार खर्जाची असणार. तो ती ढिली करत जातो, किंवा भलतीच तार पिळत जातो आणि ती तुटते. पेटी घेऊन बसा, मधल्या सप्तकातले प, सा, ग, ध एकेक दाबा आणि तारा मिळवा. ज्या घरात पेटी आहे तिथे दुसऱ्या कशाची गरज नाही. फक्त पेटी फार जुनी, सूर उतरलेली नसावी.

आता हे चार सूर पुन्हा म्हणून बघा. प, सा, ग, ध. हे चारही भूपातले आहेत. भूपाचा राहिलेला सूर रिषभ, तो षड्जाच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर मिळतो. म्हणजे डाव्या हाताने काहीच न दाबता चारही मोकळ्या तारा छेडल्या, तरी भूपातल्या कुठल्याही गाण्यामागे ते खटकत नाही. पेटीच्या बहुतेक शिकवण्यांत भूप अगदी सुरुवातीलाच येतो. पेटी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी हातात उकुलेले देऊन त्याच्या सरगमगीतामागे वाजवायला सांगता येईल. पूर्ण सप्तकही तीन पडद्यांत बसतं. षड्जाच्या तारेवर मोकळा सा आणि दुसऱ्या पडद्यावर रे. गंधाराच्या तारेवर मोकळा ग, पहिल्यावर म, तिसऱ्यावर प. धैवताच्या तारेवर मोकळा ध, दुसऱ्यावर नी आणि तिसऱ्यावर तार षड्ज. हात जागचा हलवायला लागत नाही. गिटारीवर इतकी सोय पहिल्या दिवशी नाही.

कॉर्ड म्हणतात तेही याच नजरेने बघावं. षड्जाची कॉर्ड एका बोटाची : शेवटच्या तारेवर तिसरा पडदा दाबला की प, सा, ग आणि तार सा असे चार सूर एकदम बोलतात. मध्यमाची दोन बोटांची : वरच्या तारेवर दुसरा आणि गंधारावर पहिला पडदा, म्हणजे ध, सा, म, ध. पंचमाची तीन बोटांची : प, रे, म, नी. या तिन्हींवर साधी पुष्कळ गाणी निघतात. सरावाला चाल हवी तर परदेशी बडबडगीतांकडे जायची गरज नाही. समर्थ रामदासांचं जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, आणि मनाचे श्लोक घरोघरी पाठ असतात. भुजंगप्रयात वृत्त, लघु-गुरु-गुरु असं ओळीत चार वेळा. प्रत्येक गणाला एक छेड द्या आणि ओळीच्या मध्यावर कॉर्ड बदला. उजव्या हाताला लय आपोआप बसते. पुढे आठ मात्रांचा भजनी ठेका घ्यावा.

एक अडचण येते ती पट्टीची. भजनी मंडळी पांढरी एकला थोडीच गातात! काळी एकला गायचं तर चारही तारा अर्ध्या सुराने चढवता येतात, पांढरी दोनपर्यंतही तारा ताण सोसतात. त्यापुढे तारा पिळू नका, कॅपो नावाचा चाप मिळतो तो मानेवर लावा. काळी चारला चढणाऱ्या बुवांसाठी पांढरी पाचच्या कॉर्ड शिकून पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की काम भागतं. मात्र पखवाज आणि वीस जोडी टाळांपुढे उकुलेले ऐकू येईल अशी आशा धरू नये. ते ओसरीवरचं वाद्य आहे.

आता खरेदी. आकार मुख्यत्वे चार. सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंचांच्या आसपास. बॅरिटोनच्या तारा वेगळ्या सुरांत लावतात, त्यामुळे वर सांगितलेलं काहीच त्याला लागू नाही. पहिल्यांदा ते घेऊ नये. लहान मुलाला सोप्रानो ठीक. पण त्याचे पडदे दाटीने असतात, आणि घरातल्या मोठ्या माणसांची बोटं, त्यातून शेतकाम करणारी असतील तर, त्यात अडकतात. माझं मत कॉन्सर्टच्या बाजूने. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ते पेलतं आणि संध्याकाळी बापानेही हातात घेतलं तर बोटाला जागा मिळते. बोटं फारच जाड असतील तर मानेच्या टोकाची रुंदी बघावी. नेहमीची ३५ मिलिमीटरच्या आसपास असते, ३८ ची मिळाली तर बरी.

लाकडाच्या बाबतीत जाहिरातींचा सगळा जोर ‘सॉलिड वुड’ या शब्दांवर असतो. अखंड फळीचं वाद्य अधिक खुलं बोलतं, हे खरं. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अखंड फळी अशा हवेत आकसते आणि तडकते. पावसाळ्यात तीच ओल पिऊन फुगते. प्लायचं, म्हणजे उलटसुलट रेषांचे पातळ थर चिकटवून केलेलं वाद्य ही ओढाताण पुष्कळ सहन करतं. म्हणून मराठवाड्यात पहिलं उकुलेले प्लायचंच घ्यावं, असं मी ठामपणे सांगेन. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते ठेवू नये. उष्णतेने सरस मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने घोडीच तबलीवरून उचलली जाते. पिशवीत घालून आतल्या खोलीत, भिंतीला टांगलेलं उत्तम.

किमतीचं सांगायचं तर खेळण्यांच्या दुकानात चार-पाचशेला मिळतं ते उकुलेलेच्या आकाराचं खेळणं असतं. शिकण्याजोगं वाद्य साधारण दोन-अडीच हजारांपासून सुरू होतं आणि पाच हजारांच्या आत बरंच चांगलं मिळतं. कॅडेन्स, जुआरेझ, व्हॉल्ट ही नावं आपल्याकडे ऑनलाइन सारखी दिसतात, काला ही अमेरिकन कंपनी त्यांच्याहून महाग. पण या किमतीत नावापेक्षा हातात आलेला नग महत्त्वाचा. एकाच नावाचे दोन नग वेगळे निघतात, कारण पडदे आणि घोडी शेवटची नीट घासून बसवायला कारखान्यात वेळ दिला गेला की नाही, यावर सगळं ठरतं. खुंट्या मात्र फोटोतही ओळखता येतात. काही उकुलेलेंना नुसत्या दाबाने अडून राहणाऱ्या, मागे सरळ निघालेल्या खुंट्या असतात. त्या कसणं हे सवयीच्या माणसाचं काम. गिटारीसारख्या, बाजूला कान निघालेल्या दातेरी खुंट्या असलेलंच घ्यावं.

पार्सल आलं की सगळं घर गोळा होतं आणि जो तो तारा ओढून बघतो. त्याआधी एका शांत माणसाने ते मांडीवर घ्यावं. मानेच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवावा. कोरड्या हवेत मानेचं लाकूड आकसलेलं असेल तर पडद्यांची टोकं बाहेर येतात आणि बोटाला कापतात. मग बारावा पडदा मोजावा. तिथे तार आणि पडदा यांच्यातल्या फटीत रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवावी, ती साधारण तीन मिलिमीटर होतात. नाणी सैल फिरली तर तार फार उंच आहे, बोटं दुखणार. नंतर पहिला पडदा. मानेच्या टोकाला ‘नट’ म्हणतात ती पट्टी उंच राहिली असेल तर पहिल्या पडद्यावर तार दाबायला जोर लागतो, आणि जोर लावला की तार ताणून सूर चढतो. स्वस्त वाद्यांचा हा सगळ्यात मोठा दोष.

शेवटची परीक्षा कानाची. तार मोकळी छेडून सुरात लावा. मग तीच तार बाराव्या पडद्यावर हलकेच दाबून छेडा. तोच सूर वरच्या सप्तकात आला पाहिजे. कानाचा भरवसा नसेल तर वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर घ्या, दोन-चारशे रुपयांत येतो. तो लाकडाची थरथर मोजतो, म्हणून बाहेर ट्रॅक्टर चालू असला तरी फसत नाही. मोबाइलचं फुकट अ‍ॅपही चालेल, पण त्याला शांतता लागते. बाराव्या पडद्याचा सूर ठळकपणे चढा किंवा उतरता दिसला तर ते वाद्य कितीही वेळा मिळवा, कॉर्ड बेसूरच वाजणार. चारही तारांवर ही परीक्षा घ्या.

एका गोष्टीला मात्र दोष समजू नका. नायलॉनसारख्या तारा नव्या असताना ताणत राहतात, आणि पहिले काही दिवस वाद्य दर पाच-दहा मिनिटांनी उतरतं. तार हलक्या हाताने वर ओढायची, पुन्हा मिळवायची, पुन्हा ओढायची. आठवडाभराने ती स्थिरावते. याच काळात पुष्कळ जण वाद्य खराब म्हणून कोपऱ्यात टाकतात.

मला या सगळ्या खटाटोपात सर्वात काळजी वाटते ती एका घरगुती निकालाची. खेळण्याच्या किमतीचं वाद्य आणायचं, पोराने महिनाभर प्रामाणिकपणे वाजवायचं, ते सुरात लागायचं नाही, आणि घरात ठरायचं की याला कानच नाही. तालुक्याच्या शाळांत संगीताचा शिक्षक दुर्मीळ, त्यामुळे हा निकाल फिरवणाराही कुणी भेटत नाही. मूल बेसूर नसतं, नटची पट्टी अर्धा मिलिमीटर उंच असते. हजार रुपये वाचवून मुलाचा कान बदनाम करण्यापेक्षा वाद्य पुढच्या दिवाळीला घेतलेलं बरं.

आणि उकुलेले सगळ्यांनी घ्यावं असंही नाही. मींड, गमक, रागाची बढत हे त्याचं काम नव्हे. तार लहान, आवाज पटकन विरतो. दहावीला शास्त्रीय संगीत किंवा लोककलेचे वाढीव गुण मिळवायचे असतील तर ती वाट वेगळी आहे. मुलाची ओढ भजनाकडे असेल तर त्याला पेटी घेऊन द्या. सतारीकडे असेल तर थोडं थांबून मिरज गाठा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि बनवणाऱ्याशी समोरासमोर बोलून घेता येतं. तुणतुण्याची हौस असेल तर तेही कमी प्रतीचं वाद्य नाही, एका तारेवर रात्रभराचा गोंधळ उभा राहतो. स्वतः गात गात वाजवायचं आहे, साथीला कुणी नाही, असं ज्याचं असेल त्याच्यासाठी उकुलेले.

तर यंदा घेणार असाल तर कॉन्सर्ट आकार, प्लायचं लाकूड, दातेरी खुंट्या आणि परत घेण्याची मुदत, या चार गोष्टी आधी वाचा, रंग नंतर. पार्सल येईल त्याच दिवशी बारावा पडदा तपासा. सूर जुळला नाही तर खोकं फेकू नका, त्यातच घालून बिनदिक्कत परत पाठवा.